रातजत्रेला येळवशीचं आवतण

“आंबट झालीया आंबील… व्हनारच की! ज्या घरातनं घरचा धनीच घालवून दिला, त्या घरच्या ताकाला गोडी यावी कुठनं?”

मल्लम्मा हे कुणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. मडक्यातल्या आंबिलीकडे बघून, पळी फिरवता फिरवता त्या आपल्या पुटपुटल्या इतकंच. पण वावरातली ती कडब्याची कोप, खोपटंच ते, केवढं असणार! आत पूजेला मांडलेल्या पांडवांच्या पाच दगडांना चुना लावत बसलेल्या सुनेच्या, भुवनेश्वरीच्या, कानात तो शब्द सरळ येऊन पडला. आंबील आंबट नाही होणार तर काय गोड होणार होती? पण हे उत्तर तिनं मनातच ठेवलं. अशी पुष्कळ उत्तरं तिच्या मनात ठेवलेली होती. त्यांना बुरशी येत नाही, हे एक बरं असतं.

“अत्ती, भज्जीला मीठ बघता का?” ती सासूला एवढंच म्हणाली.

त्या दिवशी येळवस होती. वेळ अमावस्येला नळदुर्गातल्या घरांना कुलपं लागतात आणि वावरं माणसांनी भरतात. धुकं अजून ज्वारीच्या ताटांवरून उठलं नव्हतं, हैदराबादच्या रस्त्यावरचे ट्रक त्या धुक्यातून स्वप्नातल्या हत्तींसारखे हळूहळू चालले होते, आणि शेजारच्या प्रत्येक कोपीतून भज्जीची, शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेल्या कालवणाची, वाफ वर चढत होती. या दिवसाचा कायदा एकच… वावरात आलेल्या माणसाला जेवल्याबिगर सोडायचं नाही, आणि ‘का आलास’ असं विचारायचं नाही. वैरी आला तरी आधी भज्जी वाढायची. वैर काय, उद्याही असतंच!

याच एका कायद्यावर भुवनेश्वरीनं आज आपला सारा जीव टांगून ठेवला होता. कारण तिनं कुणाला तरी आवतण दिलं होतं. आणि ते मल्लम्मांना ठाऊक नव्हतं.

कानडी मुलखातल्या आळंदहून ती या घरात नवी नवरी होऊन आली तेव्हा नंदीश तिला फार आवडला होता. आवडला म्हणजे… अगदी जीव ओवाळून टाकावा इतका! ती भाकरी थापायला बसली की तो चुलीपुढं बसून गायचा. कानडी, मराठी, हायवेवरच्या ढाब्यांतून ऐकलेलं दख्खनी, सगळं एकात एक कालवून. तिला वाटायचं, आपण किती भाग्यवान! मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्याशी सगळं बोलतो, हसतो, आपलं डोकं दुखलं तर रडवेला होतो. पण आपल्याला हात लावताना त्याच्या डोळ्यांत पिंजऱ्यातल्या पाखराचं भय असतं. एके दिवशी त्यानं तिच्या पायांशी बसून ते सांगितलं. त्याचा जीव बायकांवर जडत नव्हता. कधीच जडला नव्हता. सांगताना तो लहान पोरासारखा हुंदके देत होता, आणि गंमत बघा, डोळे पुसायला पदर मात्र तिचाच होता.

“मला जाऊ दे, भुवना… इथं राहिलो तर मी मरीन. अव्वाला, आप्पांना तू खरं सांग. माझ्यानं न्हाय व्हायचं.”

पहाटे तिनं आपल्या हातानं कडी काढून त्याला जाऊ दिलं. आणि उजाडल्यावर अंगणात सासू-सासऱ्यांपुढं उभी राहून, आयुष्यात कधी चढवला नव्हता तेवढा आवाज चढवून ती म्हणाली, “म्याच म्हनलं त्यास्नी, जावा! मला न्हाय पटला तुमचा ल्योक. न्हाय नांदायचं मला त्येच्यासंगं!”

खरं सांगायचं तिच्या जिभेवर आलंच नाही. बायकोनं नवरा घालवला म्हटलं की गाव दोन सुगी बोलतं आणि दमतं. ती दुसरी गोष्ट कळली असती तर गाव कधीच दमलं नसतं. सासरे सोमलिंगअप्पा तर त्या दिवसापासून तिच्याकडे पाहीनासे झाले. शेवटच्या दुखण्यात पाणीसुद्धा त्यांनी तिच्या हातून तोंड फिरवून घेतलं… हे दृश्य आठवलं की आजही तिच्या काळजाचं पाणी पाणी होई. माहेरच्या भावांनी दार लावून घेतलं. मल्लम्मा एकट्या पडल्या. मग जिला घालवायला हवं होतं तीच सून राहिली, वावर करू लागली, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी ढाब्यांना पोचवू लागली. आणि मल्लम्मा रोज तिच्याच हातचं खाऊन रोज तिलाच बोलू लागल्या. तिकडे नंदीशला वाटत होतं, घरी सारं खरं कळलंय आणि म्हणूनच आप्पांनी आपला फोन ऐकताच ठेवून दिला. इकडे एक गोष्ट, तिकडे दुसरी. आणि दोन्हींच्या मधे भुवनेश्वरी, उंबऱ्यासारखी!

तो आता मोठा गायक झाला होता. त्याच्या कार्यक्रमाचं नाव ‘रातजत्रा’. पुणं झालं, कोल्हापूर झालं, आणि सोलापुरात भिंतीभिंतीवर त्याचा चेहरा लागला, डोळ्यांत काजळ, कानांत झुबे, ओठांवर मिशी. भुवनेश्वरी सासूला म्हणाली, “चटणीला बरण्या आणते. मावसबहिणीकडं राहीन.” आणि गेली.

दिवेलागणीला मैदानावर अंधार उतरला, आणि त्या अंधारातून एक जत्रा उगवली… खरोखर उगवली! आकाशपाळणा फिरू लागला, आरशांची घरं उजळली, आणि एकेका गाण्यागणिक मंचावर एकेक दार उघडत गेलं. हे मुंबईतलं तळघर, जिथं दिवसा हिशेब करणारे बाप्ये रात्री गजरा माळून नाचतात. ही पुण्यातली गच्ची, जिथं दोन पोरी एकमेकींच्या कपाळाला मुंडावळ्या बांधतात. हे हैदराबादचं चहाचं हॉटेल, शटर ओढून घेतल्यावर टेबलं बाजूला सरकवलेलं. दाढीवाला एक उंच गडी नऊवारी नेसून असा ठसक्यात चालला, की भुवनेश्वरीनं नकळत आपला पदर सारखा केला. काचांचा कोट घातलेला नंदीश झोपाळ्यावर बसून सगळ्यांच्या डोक्यांवरून तरंगत आला. चांदणंच फुटून खाली सांडत होतं जणू! तो गात होता:

दिवसा आमचं नाव दुसरं,
रातीला आमचं नाव खरं…
उजाडू नको गं बाई इतक्यात,
एवढंच आहे आमचं घर!

हजारो पोरं ते गात होती, रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. भुवनेश्वरीच्याही गालांवरून धारा लागल्या. चुलीपुढचा तोच आवाज… पण आता त्यात भय नव्हतं!

शेजारच्या पोरानं विचारलं, “मावशी, एकट्याच आलात?”

“न्हाय रं. नवऱ्यासंगं.”

“काका कुठंयत?”

तिनं वर बोट दाखवलं. नंदीशचा झोपाळा नेमका डोक्यावर होता. पोराचा चेहरा एवढासा झाला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाला, “सॉरी, मावशी. चांगल्या माणसांनाच देव लवकर नेतो.” ती रडता रडता हसली, आणि त्यानं तिला स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं.

कार्यक्रम संपल्यावर ती मंचामागच्या फाटकाशी गेली. “बायको हाय म्या त्येंची,” असं म्हणाल्यावर रखवालदार पोट धरून हसला. पण आतून एक ठसठशीत बाई पुढं आली. ती शिवांजली, त्या ताफ्यातली नाचणारी. मूळची भूमची, मुलगा म्हणून जन्मलेली आणि त्या नावानं कुणी हाक मारली तर ओ न देणारी. “ह्यो बोल आमच्याकडला,” ती म्हणाली आणि भुवनेश्वरीचा हात धरून तिला आत घेऊन गेली.

नंदीशनं तिला आरशातच पाहिलं. वळून त्यानं पहिलं हेच विचारलं.

“भुवना… अव्वा मला बघून घेईल का गं? तिला तर सगळं ठावं हाय.”

अत्तींना काहीच ठाऊक नाही, हे भुवनेश्वरीच्या ओठांवर आलं होतं. परत एकदा ते तिनं गिळलं. “परवा येळवस हाय,” ती म्हणाली. “तुमची गाडी हैदराबादला जाणार ती आपल्या वावरावरनंच. वावरात आलेल्याला कुणी न्हाय म्हनत न्हाय. सगळ्यास्नी घेऊन या.”

आणि आता धुकं विरत असताना, खरोखरच रस्त्याच्या कडेला ती बस येऊन थांबली!

बांधावरून ते एकामागून एक आले. कुणाच्या केसांत रातजत्रेची चमकी, कुणाच्या नाकात नथ आणि अंगात स्वेटर, पुढं शिवांजली पदर खोचून, आणि सगळ्यांत मागं, ज्वारीच्या ताटांआड लपल्यासारखा चालत, नंदीश. हिरव्यागार रानात ती चमकी अशी लुकलुकत होती, की परवाची जत्रा उजाडल्यावर घरचा रस्ता शोधत निघालीय असं वाटावं. आसपासच्या कोपींतली माणसं घास हातात धरून उभी राहिली.

मल्लम्मा पळी हातात धरून कोपीबाहेर आल्या. त्यांनी नंदीशकडे पाहिलं… मग त्याच्या मागच्या आभाळाकडे पाहिलं.

“पाव्हणे हायत,” मल्लम्मा कोरड्या आवाजात म्हणाल्या. “पत्रावळी मांड.”

सगळे बसले. मल्लम्मा वाकून वाढत होत्या. पोराच्या पानाशी आल्या की नजर न उचलता म्हणायच्या, “पाव्हणं, आंबील घ्या. पाव्हणं, बाजरीचं उंडं घ्या.” नंदीश मान खाली घालून खात होता आणि त्याची टिपं भज्जीत पडत होती. शिवांजली मात्र पहिल्याच घासाला ओक्साबोक्शी रडली. “घर सुटल्यापासनं येळवस केली न्हाय, अव्वा… माज्या आईची भज्जी अशीच!”

“मग रडतीस काय? खा. अजून लई हाय,” मल्लम्मा म्हणाल्या, आणि तिच्या पाठीवरून त्यांचा हात त्यांच्या नकळत फिरला. तसाच हात नंदीशच्या पानाशी थबकला. “शेंगाची पोळी सोडू नगंस, नंद्या. तुज्यासाठी तूप…”

त्या थांबल्या. पण शब्द बाहेर पडून गेला होता! नंदीशनं वर पाहिलं. मायलेकरांची नजर पहिल्यांदाच भेटली.

अशा वेळी शेजारणीनं येऊ नये. म्हणूनच ती येते. पलीकडच्या वावरातली सत्यभामा खिरीचं भांडं घेऊन बांध ओलांडून आली.

“मल्लम्मा, म्या म्हनलं तुमच्या वावरात तमाशा उतरला का काय! तर ह्यो आपला नंदीश! किती वाळलास रं लेकरा! कसल्या नादाला लागलास… पर तुजा तरी काय गुन्हा? बायकोच अशी निघाली. भर अंगणात वरडून सांगितलं हिनं, म्याच घालवला नवरा म्हनून! घर मोडलं, सासरा झुरून मेला, तरी हिच्या डोळ्याला टिपूस न्हाय.”

नंदीशचा हात पानावरच राहिला. “काय सांगितलं हुतं हिनं?”

“आदी जेवून घ्या. भज्जी गार व्हतीया,” भुवनेश्वरी घाईघाईनं म्हणाली.

“भुवना! तू अव्वाला काय सांगितलंस?”

ती भज्जीचं भांडं उचलायला वाकली. पण तिच्या चेहऱ्यावर त्यानं सारं वाचलं… इतकी वर्षं कुणाच्या पाठीवर आपण घर सोडून मोकळे हिंडलो ते! तो ताडकन उठला. त्याचा तो हजारोंना हलवणारा आवाज फाटून गेला होता. “काकू, तसं न्हाय ते! हिनं मला—”

“तुमाला मेलेल्या आप्पांची आण हाय!” भुवनेश्वरी त्याच्यापुढं हात जोडून उभी राहिली. “गप बसा! समद्या रानासमोर न्हाय! म्या सोसलंय, म्या सोसीन… पर अत्तीस्नी खाली मान घालायला लावू नगा. त्यास्नी काय बी ठावं न्हाय!”

 

मल्लम्मांनी पळी मडक्यावर आडवी ठेवली. त्या सरळ उभ्या राहिल्या, सुनेचे जोडलेले हात त्यांनी आपल्या हातांनी सोडवले, आणि ते तसेच धरून ठेवून त्या शेजारणीकडे वळल्या.

“सत्यभामे, आलीस तशी ऐकून जा. ह्या पोरीनं माजा ल्योक घालवला न्हाय. माज्या लेकाचा जीव बाईवर जडत न्हाय, बाप्यावर जडतो… आन हे मला लगनाच्या आदीच ठावं हुतं! बायको आली की निवळंल म्हनून म्या आळंदला जाऊन, पदर पसरून, ही पोर मागून आणली. तिचं वाटुळं म्या केलं… आन वर रोज तिलाच बोलले, कारन ती उलटून बोलणार न्हाय, हे बी मला ठावं हुतं!”