हुंदके देणारी भिंत

“ताई, बायडाबाई बोचकं बांधतेय,” शामकांत धापा टाकत म्हणाला. सुनीतीच्या हातातली कैरी हातातच राहिली.

१९४६ सालची मे महिन्याची सुट्टी होती. संगमनेरला यज्ञेश्वरकाकांच्या लिंबांच्या बागेत ही भावंडं आली, तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला भिंत हुंदके देत होती. बागेची जुनी वीटभिंत जिथे संपत होती, तिथून छगन गवंड्यानं दोन महिन्यांपूर्वी नवी भिंत पुढे वाढवली होती. प्रवरा नदीवरून वारा सुटला, की तिथे कुणीतरी दाटल्या गळ्यानं रडू लागे. राखणीच्या बायडाबाईचं खोपटं नव्या भिंतीलगतच होतं. वारलेल्या नवऱ्यासाठी ती जुन्या भिंतीच्या कोनाड्यात रोज पणती लावायची. तोच त्या पणतीपाशी येऊन रडतोय, असं गावानं ठरवून टाकलं. गडी बागेत पाऊल टाकीनात. शेवटी काकांनी म्हातारीला उद्या सकाळी खोपटं सोडायला सांगितलं.

तिला तर दुसरं घरच नव्हतं. सुनीती उठली. दिवस मावळता मावळता दोघं भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गेली. तिथे रानवेल माजली होती.

“तू हो पुढे,” शामकांत म्हणाला.

“भ्यायलास?”

“छे. मी मागची बाजू सांभाळतो.”

सुनीतीनं वेल बाजूला सारली आणि हुंदका थेट तिच्या कानात शिरला. गालाला गार झुळूक लागली. तिनं डोळे मिटले नाहीत. जुनी आणि नवी भिंत जिथे भिडत होती, तिथे वरपासून खालपर्यंत सरळ फट होती. वर तीन बोटं रुंद, खाली केसाएवढी. एका भिंतीची एकही वीट दुसरीत शिरलेली नव्हती.

तिनं पाटातला चिखल उचलून फटीत कोंबला. हुंदका अर्ध्यावरच तुटला.

शामकांतनं धावत जाऊन काकांना आणि छगनला आणलं. बायडाबाईही मागोमाग आली. सगळ्यांसमोर सुनीतीनं चिखल उपसला. रडणं पुन्हा सुरू झालं.

“छगनमामा, या विटा एकमेकींत का अडकवल्या नाहीत?”

छगन खालीच बसला. जुन्या भिंतीतली एक थर सोडून एक अर्धी वीट काढायची, त्या खाचांत नव्या विटा बसवायच्या, म्हणजे दोन्ही भिंती एकजीव होतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. “पर कोनाडा जवळच हाय, मालक. त्या पनतीपाशी छन्नी मारायला हात धजंना. नुसती भिडवली अन् वरनं गिलावा केला. लोक म्हातारीला बोलाया लागले, तवा माझं तोंडच उघडंना.”

“मला इचारायचं हुतंस,” बायडाबाई म्हणाली. “पनती मी हलवली असती.”

काकांनी छगनला ओळंब्याची दोरी सोडून भिंत सरळ आहे का पाहायला सांगितलं. नवी भिंत खोपट्याकडे झुकली होती. एका पावसात ती म्हातारीच्या अंगावर आली असती. काकांनी बायडाबाईची माफी मागितली आणि बोचकं सोडायला सांगितलं. पोरांकडे वळून ते म्हणाले, “मी वकील असून साक्ष न काढताच निकाल दिला. तुम्ही भिंतीची साक्ष काढलीत. शाबास.”

आठ दिवसांत छगननं भिंत उतरवून पुन्हा नीट सांधली. काम संपलं त्या संध्याकाळी वारा आला, लिंबांतून सळसळत निघून गेला. भिंत गप्प होती.

बायडाबाई बराच वेळ कान देऊन बसली. मग कोनाड्यातल्या पणतीकडे बघत हळूच म्हणाली, “आता न्हाई यायचा व्हय गं त्यो आवाज?”

सुनीती तिच्याजवळ सरकून बसली.