देशाबाहेर असलेला इसम

"सदर इसम, वगदी अब्दुल-मुईद शलबी, नागरिकत्व इजिप्त, पेशा शिक्षक, याने अकरा मार्च रोजी विमानाने देश सोडला. तो सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर असल्याने त्याचा रहिवास परवाना आपोआप रद्द झाला आहे. त्याच्या आधारे राहणारी पत्नी व मुलगी यांनी तीस दिवसांत देश सोडावा."

ही नोटीस चौदा सप्टेंबरला, कुवेतच्या हवल्ली भागातल्या शाळेत, सदर इसमाच्याच हातात देण्यात आली. आणि ती मिळाल्याबद्दल त्याचीच सही घेण्यात आली.

वगदी इतिहास शिकवत असे. अकरा वर्षं तो मुलांना सांगत आला होता, की कागद काय म्हणतो ते नंतर पाहा; तो कोणी लिहिला आणि लिहिणारा तिथे हजर होता का, हे आधी विचारा. त्याच शिस्तीने त्याने नोटिशीची चिरफाड केली. अकरा मार्चला सकाळी तो परीक्षेच्या वर्गावर होता. हजेरीपटावर सही होती. दुपारी दंतवैद्याने त्याची दाढ उपटली. तशी नोंद होती. पासपोर्टवर बाहेर गेल्याचा शिक्का नव्हता. जादा वर्गांमुळे यंदा तो उन्हाळ्यातसुद्धा इजिप्तला, दिसूक गावी आईकडे गेला नव्हता. राहता राहिला 'आपोआप' हा शब्द. आधी तीन माणसं एका माणसाच्या पायांवर उभी करायची आणि मग ते पाय नोंदवहीतून खोडून टाकायचे, या क्रियेला कर्ता नसतो, एवढंच तो शब्द सांगत होता. वगदीने नऊ पानांचं उत्तर लिहिलं. त्याला बावीस तळटिपा होत्या.

"तळटिपा कशाला?" बायको, इनास, भेंडी चिरता चिरता म्हणाली. "नुसता जाऊन उभा राहा. पुरावा चांगला पाच फूट दहा इंच आहे."

"आणि पोट धरून रुंदीला किती?" मुलीने, नदाने, विचारलं. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. तीस दिवसांत देश सोडायचा म्हणजे ते वर्ष बुडणार होतं, आणि हे ती सोडून घरात कोणीच बोलत नव्हतं.

परवाना कचेरीतला खिडकीमागचा अधिकारी अतिशय सभ्य होता. त्याने नऊच्या नऊ पानं वाचली.

"उस्ताज, तुम्ही इथे आहात हे मला दिसतंय," तो म्हणाला. "पण इथे नसलेल्या माणसाचा अर्ज इथे उभं राहून देता येत नाही."

"मग कोणी द्यायचा?"

"जो इथे आहे त्याने."

शाळेची सरकारी कामं करणारा बयूमी बाहेर जिन्यात वाट पाहत होता. हे ऐकून तो हसत हसत पायरीवर बसला. "उस्ताज, लोक परत यायला मिळावं म्हणून पाया पडतात. तुम्हाला न जाताच परत यायचंय!" मग डोळे पुसत म्हणाला, "नोंदीशी भांडू नका. ती म्हणते ना बाहेर आहात? मग राहा बाहेरच. इनासबाई अर्ज देतील: नवरा आईच्या आजारपणामुळे गावी अडकलाय, गैरहजेरी माफ करा. असे अर्ज रोज पास होतात. तुमचं एक कबुलीपत्र लागेल, तिकडच्या कुवेती वकिलातीच्या शिक्क्याचं. त्याचं मी बघतो."

वगदीला चीड आली. खोटी नोंद खोट्या अर्जाने दुरुस्त करायची, ही त्याला संस्कृतीच्या ऱ्हासाची व्याख्याच वाटली. पण रात्री जेवताना नदा भूगोलाचं पुस्तक ताटाशेजारी उघडून बसली होती. त्याने अर्जाचा मसुदा स्वतःच लिहून दिला.

शुक्रवारी त्याने आईला फोन लावला. हज्जा तफीदा ऐंशीच्या होत्या आणि फोनवर ओरडूनच बोलत.

"आई, कोणी चौकशीला आलं तर सांग, वगदी इथेच आहे."

"म्हणजे दुसरं काय सांगू? आहेसच की!"

इनासने तोंडावर हात धरून हसू आवरलं. "बघ, लगेच नाटकात शिरल्या."

"शाबास, आई. असंच म्हणायचं."

"काय शाबास? आत्ता तर खाली गेलास पाव आणायला. फोन कुठून करतोयस, भट्टीवरून? येताना जिरंही आण. आणि त्या बाजूने चावू नकोस रे, दाढेची जागा अजून भरली नाही तुझी."

इनास अजून हसत होती. वगदीने फोन ठेवला. दाढ काढल्याचं त्याने आईला कळवलंच नव्हतं. ती काळजी करते म्हणून.

"तू सांगितलंस तिला?"

"काय?"

"काही नाही," तो म्हणाला.

त्या रात्री त्याने दोनदा दिसूकचा नंबर काढला आणि लावला नाही. बेल गेली असती तर फोन कोणी उचलला असता, या प्रश्नाला तळटीप नव्हती.

अर्ज दिल्यापासून दहाव्या दिवशी खिडकीपाशी इनास पुढे उभी राहिली. वगदी तिच्या खांद्यामागे.

"मुबारक!" अधिकारी इनासला म्हणाला. "माफी मंजूर. मुलीचं वर्ष वाचलं."

इनासने रडत रडत बयूमीच्या पाठीत धपाटा घातला. बयूमीने खिशातून बसबूसा मिठाईचा पुडा काढला, खिडकीतून आतही एक तुकडा दिला. सगळे हसत होते.

"पण कबुलीपत्र?" बयूमी म्हणाला. "ते मी उद्या आणणार होतो."

"आलं ना. सोमवारीच, कैरोहून. शिक्क्यासह."

बयूमीचा हात पुड्यातच थांबला.

अधिकाऱ्याने कागद फिरवून इनाससमोर धरला. अक्षर तिच्या ओळखीचं होतं.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

वगदीने तिच्या खांद्यावरून वाचलं:

"मी, वगदी अब्दुल-मुईद शलबी, कबूल करतो, की अकरा मार्चला मी कोणालाही न सांगता देश सोडला आणि तेव्हापासून आईजवळ आहे. येत्या गुरुवारी परत येत आहे. माझ्यामागे माझ्या घरात जो राहतो, त्याच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. माणूस चांगला आहे. त्याने माझ्या कुटुंबाला जपलं. त्याला परवाना कधीच दिला गेला नव्हता, एवढंच कोणीतरी त्याला सांभाळून सांगावं."