वेणीची वीण आणि एकोणिसावं प्रकरण

लोकरीच्या दुकानात आलेल्या माणसाने आधी लोकरीला हात लावावा, अशी साधी रीत आहे. तो मात्र थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “विणायला बसलेली बाई सगळ्यात आधी सुईवर जे करते... त्याला काय म्हणतात?”

“टाके घालते,” मी म्हटलं.

“बस्स? एवढंच?” त्याने खिशातून वही काढली. “मी तीन दिवस ‘सूत्रारंभ’ लिहून ठेवला होता!”

मला हसू आवरेना. त्याचे कान लाल झाले आणि मग तोही हसला. कळलं ते असं – तो मागच्या गल्लीत सायकलवाल्याच्या वरच्या खोलीत राहतो, परदेशी कादंबऱ्यांची भाषांतरं करतो, आणि हातातल्या कादंबरीची नायिका नेमकी विणकाम करणारी निघाली आहे.

दुकान मावशीचं, पण गल्ल्याशेजारची पुस्तकांची फळी माझी. त्यावर फक्त भाषांतरित कादंबऱ्या. त्यांतली माणसं सारखी थंडीने कुडकुडत असतात, त्यांच्या संगतीत विणायला हुरूप येतो. प्रत्येक पुस्तकावर मी चिठ्ठी लावते. स्वेटरच्या पाठीला लांबलचक घराण्याची गोष्ट. जाळीच्या शालीला छोट्या कथा, कारण तिथे टाके मोजावे लागतात. आणि मोज्याच्या टाचेला रहस्यकथा चुकूनही नाही. एका गिऱ्हाइकाचे दोन्ही मोजे उजव्या पायाचे झाले होते.

तो चिठ्ठ्या वाचत गेला आणि एका पुस्तकाशी थबकला. ‘साध्या विणीसाठी. एकही टाका चुकत नाही.’

“हे... माझं आहे,” तो म्हणाला.

“अय्या, तुमचं? छान आहे हो! इतकं सुरळीत –”

“सुरळीत नळाचं पाणी येतं, बाई. पुस्तक वाचताना एकदा तरी हात थांबायला नको?”

मी कौतुक केलं होतं आणि तो पार हिरमुसून गेला. आता हा काही परत येत नाही, असं मला वाटलं. वाईटही वाटलं, उगाचच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हजर! काखेत टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा.

“सगळ्यात लक्ष द्यावं लागतं अशी वीण कुठली?”

“वेणीची. दर सहाव्या ओळीला टाके एकमेकांवरून ओलांडून घ्यायचे. विसरलं की पीळ पडतच नाही.”

“मग ती विणत विणत हे वाचा. जिथे पीळ विसराल तिथे मला सांगा.”

अशी आमची गाडी सुरू झाली. मी राखाडी लोकरीचा स्वेटर सुईवर घातला, कागद चिमट्याने स्टँडवर लावले. वाचताना भान हरपून पीळ चुकला की विणीतल्या त्या ओळीला एक लाल दोरा बांधायचा आणि पान क्रमांकाची चिठ्ठी लावायची. तो आला की दारातूनच विचारायचा, “आज किती चुकलात?”

“माझं नुकसान ऐकायला येता होय रोज?”

“रोज यायला काहीतरी कारण नको?”

मावशीने त्याचं नाव ‘शब्दकोश’ ठेवलं. “अगं, तुझा शब्दकोश आला बघ,” असं ती मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं म्हणायची. तो बोटांनी वेणी चाचपत चूक शोधायचा. कधी त्याचं बोट माझ्या बोटाला लागायचं, आणि मग दोघंही लोकरीच्या रंगाबद्दल अगदी गंभीरपणे बोलायला लागायचो.

बाराव्या प्रकरणापर्यंत चौदा लाल दोरे झाले होते, तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं. प्रकाशकाने हे भाषांतर एकदा परत पाठवलं होतं. ‘कोरडं वाटतं. सुधारून बघा, पुन्हा एकदाच पाहू.’ या वेळीही परत आलं, तर वहिनीने तिच्या गावी एका कचेरीत त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. तो जाणार होता.

“लांब आहे?” मी विचारलं.

“दुपारी येऊन जाण्याइतकं जवळ नाही,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी एकोणिसावं, म्हणजे शेवटचं, प्रकरण वाचलं. हेच ते प्रकरण, ज्यात नायिका शेवटी नायकाला आपल्या मनातलं सांगते. मी वाचलं, विणलं... आणि वेणी बघितली. एकही पीळ चुकला नव्हता! ज्या पानासाठी सगळी कादंबरी, तिथे माझा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

हे त्याला सांगायचं कसं? दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, “एकोणिसावं?” त्याच्या चेहऱ्याकडे माझ्याच्याने बघवेना. त्याची नजर चुकवून मी पटकन एका ओळीत लाल दोरा ओवला. तो इतका खूश झाला की चाचपून बघायचंही विसरला. उद्या सकाळी पार्सल टाकतो, म्हणाला.

तो गेल्यावर मावशीने स्वेटर हातात घेतला. चष्मा वर-खाली केला. “अगं, इथे तर पीळ छान पडलाय. मग हा दोरा कशाला?”

मी सुया आवरायला लागले.

“चूक लपवणाऱ्या पुष्कळ पाहिल्या गं मी. नसलेली चूक दाखवणारी तू पहिलीच.” मग जरा थांबून ती हळूच म्हणाली, “पुस्तक परत आलं, तर त्याला कळेल तरी का, कशामुळे आलं ते?”

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी दुकान न उघडताच मी सायकलवाल्याचा जिना चढले. तो पार्सलला दोरी बांधत होता. मला बघून त्याने खुर्चीवरचे शब्दकोश घाईघाईने उचलले, पण मी बसलेच नाही.

“तो दोरा खोटा आहे,” मी एका दमात सांगून टाकलं. “एकोणिसाव्यात मी कुठेच चुकले नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... माफ करा मला.”

दोरीचं टोक हातात तसंच राहिलं. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. मग त्याने गाठ सोडली, गठ्ठ्यातून ते पान काढलं आणि स्वतःच मोठ्याने वाचलं, “‘तुझ्या सान्निध्यात मला आजन्म समाधान लाभेल.’”

“हे आभारप्रदर्शन वाटतं हो,” मी म्हटलं.

“मुळात असंच आहे...”

“असेल. त्यांच्या भाषेत शोभत असेल. आपल्याकडे एखादीचा जीव इतका अडकला ना, की तिला एवढं लांब वाक्य सुचतच नाही.”

“मग काय म्हणेल ती?” त्याने पेन घेतलं. “तुम्ही असतात तर... काय म्हणाला असतात?”

खाली सायकलवाला पंपाने हवा भरत होता. माझ्या हातात सुया नव्हत्या, त्यामुळे हातांचं काय करावं तेच कळेना.

“जाऊ नका,” मी म्हटलं.

त्याने ते लिहिलं. मग कपाळाला आठी घालून वर बघितलं. “पण कादंबरीतला तो कुठेच जात नाहीये.”

“तो नाही जात,” मी म्हटलं. “तुम्ही जाताय.”

पेन तसंच राहिलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी मला हसू आलं नाही.

“आणि पुस्तक परत आलं तर?” त्याने अगदी हळू विचारलं.

“तर दुसऱ्या प्रकाशकाकडे जाऊ. तिसऱ्याकडे जाऊ. मी परत पहिल्या पानापासून विणायला घेईन. पण तुम्ही...”

“पुन्हा म्हणा ना,” तो म्हणाला. “मघाशी मी लिहीत होतो. नीट ऐकलंच नाही.”

मी पुन्हा म्हटलं.

त्याने वही मिटली, माझा रिकामा हात हातात घेतला आणि म्हणाला, “नाही जात.”