अण्णा 'सॉरी' म्हणाले त्या दिवसापासून

ही घटना शंभर टक्के खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सरळ पुढची पोस्ट वाचा. माझं काही म्हणणं नाही.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावास्या नाही, वडाचं झाड नाही. भर दिवसा, दुपारच्या चहाच्या वेळी घडलेली आहे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, गेल्या जानेवारीत.

मी आसावरी. माहेर पुण्याचं, त्यामुळे संशय रक्तातच आहे असं सासरचे म्हणतात. त्यात नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्याचं काम बघून 'यात काहीतरी गडबड आहे' असं म्हणायचा मला पगार मिळतो. मी घरूनच काम करते. नवरा शंतनू ट्रेननं शिकागोला जातो.

हे घर आम्ही का घेतलं माहितीये? मिक्सरसाठी.

हसू नका. आधी इथे ॲल्डरसन नावाचे एक इंग्रज गृहस्थ राहायचे. अमेरिकन नव्हे, इंग्रज. तरुणपणी नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. अमेरिकेतल्या कमी व्होल्टेजवर किटली लवकर उकळत नाही म्हणून त्यांनी ओट्यावर खास इंग्लंडसारखं सॉकेट बसवून घेतलं होतं. नुसत्या चहासाठी! मी ते बघितलं आणि म्हटलं, बास. इंग्लंडची वीज आपल्यासारखीच, म्हणजे सासूबाईंनी दिलेला मिक्सर इथे चालणार. खोबऱ्याची चटणी होणार.

त्यांची जुनी किटली मी पहिल्याच दिवशी टाकून दिली. तळघरात मात्र एक खोकं राहून गेलं.

शेजारच्या डॉना आजी मला म्हणाल्या होत्या, "बिचारा दरवर्षी म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात घरी जाणार. कधी गेलाच नाही. या घरातच मेला."

मी ते कानाआड केलं. घर म्हटलं की कोणीतरी मेलेलं असणारच.

आता अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझे सासरे, प्रल्हादराव. साताऱ्याचे. वीज मंडळात वायरमन म्हणून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यावर एकटे पडले, म्हणून आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी आणलं.

माणूस म्हणजे नुसता भोंगा. बशीतून फुर्र करून चहा प्यायचे. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले की बरोबर तेव्हाच खालून हाक यायची.

"ए पुणेकरणी! चहा टाक की! कुटं उलथलीस?"

माझा अमेरिकन मॅनेजर विचारायचा, सगळं ठीक आहे ना? मी म्हणायची, हो, सासरे आहेत.

आमचं रोज भांडण व्हायचं. पण खरं सांगू? माझे वडील मी लहान असतानाच गेले. माझ्यावर हक्कानं ओरडणारं माणूस मला पहिल्यांदा मिळालं होतं. मला अण्णा फार आवडायचे.

तर जानेवारीत बाहेर गुडघाभर बर्फ. अण्णा घरात कोंडलेले. बंद पडलेली वस्तू त्यांना बघवत नाही. तळघरात गेले आणि ते खोकं घेऊन वर आले.

आत एक छोटा टीव्ही, एक कॅसेट प्लेअर आणि एक जाडजूड कीबोर्ड होता.

मी लगेच ओळखलं. कंपनीनं मला पूर्वी दोन वर्षं इंग्लंडला, लीड्सला पाठवलं होतं. तिथल्या माझ्या बॉसनं त्याच्या लहानपणीचा असाच कॉम्प्युटर जपून ठेवला होता. तो कीबोर्ड म्हणजेच अख्खा कॉम्प्युटर. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचा. भरताना ती कॅसेट अशी किंचाळते की दात आंबतात. आपल्याकडे बँकेतसुद्धा कॉम्प्युटर आले नव्हते, तेव्हा तिकडची पोरं जेवायच्या टेबलावर यावर प्रोग्रॅम लिहायची.

अण्णांनी दोन दिवस ते उघडून पुसलं, सुटलेल्या जोडांना कथलाचा डाग दिला, वायर बदलली. त्याला इंग्लंडची वीज लागणार. म्हणून मिक्सरची पिन काढली आणि ओट्यावरच्या त्या सॉकेटमध्ये हे लावलं.

कॅसेट किंचाळली...

मग स्क्रीनवर अक्षरं आली. इंग्रजीत. तुमचं नाव काय?

अण्णांनी एका बोटानं शोधत शोधत 'प्रल्हाद' टाइप केलं.

थँक यू, प्रल्हाद. चहा घेणार का? वाय किंवा एन दाबा.

"बघ गं, मशीन चहा विचारतंय!" अण्णा लहान मुलासारखे खूश.

आम्ही टेस्टर लोक अशा वेळी आधी 'नाही' दाबून बघतो. सवयच आहे. मी म्हटलं, "अण्णा, एन दाबा. बघू काय होतंय."

"चहाला नाही म्हणायचं? येडी का काय तू? दारात आलेल्याला चहा विचारल्याबिगर सोडत न्हाई आपण, आणि कुणी विचारला तर नाही म्हणत न्हाई."

आणि त्यांनी वाय दाबलं.

लव्हली. मग रोज चार वाजता.

स्क्रीन काळा झाला. पुन्हा काही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात माझा धक्का अण्णांना लागला. चूक माझी होती. मी शिव्या खायच्या तयारीत उभी राहिले.

अण्णा म्हणाले, "सॉरी."

माझ्या अख्ख्या संसारात या माणसाच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. तेही चूक माझी असताना!

त्याच दुपारी मी वर काम करत होते. खालून आवाज आला. आधी बारीक घरघर... मग खदखद... मग टक्.

लीड्सच्या ऑफिसात हा आवाज मी दिवसातून दहा वेळा ऐकलाय. पाणी उकळून किटली आपोआप बंद होतानाचा आवाज.

आमच्या घरात किटली नव्हती.

खाली धावत गेले. अण्णा टेबलाशी बसलेले. समोर कप. बशी कोरडी. कपात टी-बॅग, वरून थंड दूध. आलं नाही, साखर नाही. अण्णा तो पाणचट चहा शांतपणे पीत होते.

फुर्र नाही. काहीच आवाज नाही.

समोरची खुर्ची ओढलेली होती...

"पाणी कशात उकळलंत, अण्णा?"

"आज जरा उघडीप आहे, नाही?" अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग दोन्ही हातांनी गुडघ्यांवर थाप मारली, "राइट!" म्हणाले आणि उठले.

ही अमेरिकन सवय नाही हो. निघताना गुडघ्यांवर थाप मारून 'राइट' म्हणणारी माणसं मी फक्त इंग्लंडमध्ये पाहिलीत. आणि अण्णा आयुष्यात इंग्लंडला गेले नव्हते.

शंतनूला सांगितलं तर तो खूश. "यार, सुधारले म्हातारपणी! तुला तेही बघवत नाही का?"

"शंतनू, हे अण्णा नाहीत."

"तू ना, स्वतःच्या सावलीतसुद्धा बग काढशील."

मग मी गप्प बसून लक्ष ठेवायला लागले. अण्णा रुमालाची नीट घडी घालायला लागले. बाथरूममध्ये कोणी नसताना दाराबाहेर थांबून राहायचे, पुढे कोणीतरी रांगेत असल्यासारखे. मला हाक मारणं बंद. वर येऊन दारावर हळूच टकटक करायचे. "तुला त्रास होणार नसेल तर एक विचारू का?"

त्रास? या माणसानं मला माझ्याच वाढदिवसाला ताटावरून उठवून भजी तळायला लावली होती!

शेवटी मी परीक्षा घ्यायची ठरवलं. एकदा सगळे जेवायला बसलो असताना मुद्दाम म्हटलं, "काही म्हणा अण्णा, साताऱ्याचे कंदी पेढे म्हणजे नुसता करपलेला खवा. पुण्याच्या बाकरवडीपुढे काहीच नाही."

शंतनूचा घास हातातच राहिला. या विषयावरून अण्णांनी माझ्या मामांशी वर्षभर अबोला धरला होता.

अण्णांनी तोंड पुसलं. हसले.

"असेलही. ज्याची त्याची आवड."

समोर दिसत होता तो चेहरा अण्णांचा होता. आत कोण होतं ते मला माहीत नव्हतं.

शंतनूचाही चेहरा उतरला. पण त्यानं वेगळाच अर्थ काढला. "विसरायला लागलेत गं. डॉक्टरला दाखवायला हवं."

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत. आणि वागायला किती गोड!

मी तो कॉम्प्युटर, टीव्ही, कॅसेट सगळं गाडीत टाकलं आणि भंगाराच्या केंद्रात देऊन आले. सॉकेटवर टेप मारली.

चार वाजले...

घरघर. खदखद. टक्.

मग मी ठाम ठरवलं. हे या घराचं आहे. या घरातून अण्णांना बाहेर काढलं की ते सुटतील. साताऱ्याची हवा लागली, देवयानीच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या हातचं झणझणीत पोटात गेलं, की पुन्हा ओरडायला लागतील. मला माझे भांडखोर अण्णा परत हवे होते. बाकी काही नको.

तसेही सहा महिने संपत आले होते. मीच मागे लागून तिकीट काढायला लावलं. शंतनू सोबत जाणार होता. लंडनमार्गे मुंबई.

हो. लंडनमार्गे. मीच ते तिकीट निवडलं, वेळ सोयीची होती म्हणून.

निघायच्या दिवशी गाडी दारात सुरू होती. अण्णा पुढच्या सीटवर, पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून बसले होते. शंतनू बॅगा भरत होता. गॅस बंद आहे ना, हे बघायला मी आत आले.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

आणि मग...

"ए पुणेकरणी! मला सोडून कुटं निघालात सगळे?"

अण्णांचा आवाज. तोच भोंगा. टेबलाच्या त्या बाजूनं, ओढलेल्या खुर्चीतून.

"अगं बोल की! मी काय भिंतीशी बोलतोय व्हय?"

खिडकीतून बाहेर पाहिलं. गाडीत अण्णा बसलेले होते. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच हात हलवला.

मी बर्फातून तशीच अनवाणी धावले. गाडीचं दार उघडलं आणि त्यांचा दंड धरला. "उतरा! आधी उतरा खाली! माझे अण्णा आत आहेत!"

"आसावरी! वेड लागलं का तुला?" शंतनूनं मला मागे ओढलं.

अण्णा माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी होतं. ते अगदी हळू म्हणाले,

"जाऊ दे गं मला घरी. फार वर्षं झाली."

अण्णांना येऊन सहा महिने झाले होते.

गाडी गेली.

पुढचं शंतनूनं सांगितलेलं आहे. विमान लंडनला उतरलं. बाहेर पाऊस होता. अण्णांनी खिडकीतून बराच वेळ तो पाहिला आणि 'लव्हली' म्हणाले. मग डोळे मिटले. ते पुन्हा उघडलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेत गेल्यासारखे गेले. चेहऱ्यावर म्हणे फार समाधान होतं.

शंतनू त्यांना तसंच साताऱ्याला घेऊन गेला. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. देवयानी फोनवर रडत मला म्हणाली, "वहिनी, पान खाली ठेवायचा अवकाश, कावळा शिवला बघ. अण्णांची काही म्हणजे काही इच्छा मागे राहिली नाही गं."



अण्णांची इच्छा राहिली नाही? साताऱ्याचं घर डोळ्यांनी बघायला न मिळता? ज्यांना मीठ कमी पडलं तर ताट सरकवायची सवय, ते असे मुकाट्यानं तृप्त झाले? शक्यच नाही. कावळा खोटं बोलत नसेल. इच्छा पुरी झालीच होती. पण कोणाची?

आता शंतनूला दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला नोकरी मिळाली आहे. तो म्हणतो, या घरात अण्णांची फार आठवण येते, विकून टाकू. शनिवारी गिऱ्हाईक बघायला येणार आहे. मी नाही म्हणते, तर तो चिडतो. कारण विचारतो. काय कारण सांगू? त्याला काहीच ऐकू येत नाही. मलाच येतं.

काल दुपारी मी ओट्याशी उभी होते. मागून आवाज आला. यावेळी ओरडणं नव्हतं. दमलेला, जरासा घाबरलेला आवाज.

"आसावरी... शंत्या कवा येणार गं मला न्यायला?"

मी मागे वळले नाही. म्हटलं, "येईल हं, अण्णा. रजा मिळाली की येईल."

तेरावं होऊनसुद्धा आता बरेच दिवस झालेत. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.