गोंदाचा चौथा थर

आमच्या क्वीन्सटाउनला पाऊस थांबत नाही आणि दमट हवेत गोंद लवकर वाळत नाही. खरं तर सगळं सुरू झालं ते एवढ्याशा गोष्टीवरून.

घरात ग्रामोफोनची एक तबकडी होती. गावातल्या खाणीजवळच्या चर्चच्या गायकमंडळानं माझ्या जन्माच्या दहा वर्षं आधी काढलेली. एकंदर अकरा आवाज, आणि तिसऱ्या गाण्यात पुढे माझी आई, लोर्ना. मी दोन वर्षांची असताना ती गेली. तिचा आवाज म्हणून उरलं ते एवढंच, आणि त्यावरही काजळी, बोटांचे तेलकट ठसे आणि सतत चरचर. डॅडचे कान झपाट्यानं जात होते. हिवाळा संपेपर्यंत काहीच ऐकू येणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. त्याआधी त्याला तिला एकदा नीट ऐकायचं होतं.

साबणपाणी आणि मऊ कापड यांनी भागलं नाही, तेव्हा मी शेवटचा उपाय काढला. सुतारकामाचा पांढरा गोंद तबकडीवर ओतायचा, मधला कागद सोडून बोटानं सारखा पसरायचा, काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत वाळू द्यायचा आणि मग दुधावरची साय उचलावी तसा अखंड सोलायचा. चरांतली घाण त्याला चिकटून येते.

"त्या गोंदानं मी जन्मभर खुर्च्या चिकटवल्या," डॅड म्हणाला. "बायको कधी चिकटवली नाही."

"ओरडू नकोस, डॅड. मला ऐकू येतं."

"मजा आहे तुझी, टॅमसिन!"

माझा स्वभाव घाबरट, त्यात उतावळा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या गाण्यापाशी एक दुधी डाग शिल्लक असतानाच मी सोलायला घेतलं. नेमका तिथेच गोंद चरांत अडकला. अशा वेळी नख लावायचं नसतं. वरून दुसरा थर द्यायचा, तो खालच्याला घेऊन निघतो. दोन दिवसांनी तसा तो निघालाही.

मी सुई ठेवली. चरचर पार गेली होती. आईचा आवाज स्वच्छ होता, आणि... जवळ आला होता. आधी तो कुठूनतरी भिंतीपलीकडून यायचा, आता याच खोलीत होता. डॅडनं खुर्ची ओढून स्पीकरला कान लावला. त्याचे डोळे भरून आले.

मी मात्र सगळे आवाज मोजत होते. अकरा नव्हते. पुन्हा मोजले. सातच होते.

"डॅड, गाणारे कमी झालेत."

"काय?"

"गाणारे! कमी झालेत!"

"बरं झालं. निम्मे बेसूरच होते." तो डोळे पुसत हसला. "अजून एक थर दे. शब्द नीट लागत नाहीत गं."

तिसऱ्या थरानंतर मागे कुणीच उरलं नाही. ऑर्गनसुद्धा नाही. फक्त ती. गाण्याआधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला, इतका जवळून की मी दचकून सुई उचलली. खोलीत गोंदाचा आंबूस वास होता. त्यात आणखी एक वास मिसळला होता, भिजलेल्या लोकरीचा. आम्हा दोघांचे कोट तर कोरडे होते.

"आता बस," मी म्हटलं. "आणखी थर नको."

"एकदाच, पोरी. मग मी कधीच ऐकणार नाही. तुला हवं तेवढं आयुष्य आहे ऐकायला."

मी नाहीच म्हटलं. शनिवारी सकाळी दूध-पाव आणायला गेले. परत आले तेव्हा त्यानं स्वतःच चौथा थर दिलेला होता. सुताराचा हात, कुठे बुडबुडा नाही की उंचवटा नाही. आणि दिलेला थर काढावा तर लागतोच.

सोमवारी भर दुपारी मी तो सोलला. कुठेही न फाटता, आवाज न करता, अख्खा माझ्या हातात आला. सुई ठेवली.

काहीच नाही. चरचर नाही, गाणं नाही, ती नाही. सुईखाली नुसते काळे चर फिरत होते.

मी रडायलाच लागले. आईला मी माझ्या हातांनी पुसून टाकलं होतं.

"शू..." डॅडनं हात वर केला. "श्वास घेतला तिनं."

मी स्पीकरकडे पाहिलं. पण तो स्पीकरकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. महिनाभर ज्याला किटलीची शिट्टी ऐकू येत नव्हती, त्यानं ते माझ्याआधी ऐकलं. मग मलाही ऐकू आलं. माझ्या कानाच्या अगदी मागे... लांब, सावकाश आत ओढलेला, सूर लावण्याआधीचा श्वास.

आणि ओली लोकर.

डॅडचा चेहरा उजळला. तो उठायला लागला, अर्धवट उठलाही. आणि तसाच थांबला. ओठांवरचं हसू हळूहळू मावळत गेलं. त्यानं माझं मनगट धरलं आणि लहानपणी रस्ता ओलांडताना ओढायचा तसं मला स्वतःकडे ओढून घेतलं.

"टॅमसिन," एरवी घर डोक्यावर घेणारा माझा बाप पुटपुटला, "ही... लोर्ना नाही."

या गोष्टीला तीन आठवडे झाले. डॅडला आता खरंच काही ऐकू येत नाही. मला येतं. मी रात्रंदिवस कान देऊन असते, कारण आत ओढलेला तो श्वास अजून कुणी सोडलेला नाही.