अर्धी बरणी

शनिवारी दुपारी सुरुची त्या जुन्या शेतघराच्या तळघरात फडकं घेऊन उतरली, ती निव्वळ धूळ पुसायला. महिन्यातून एकदा ती सिडनीच्या कॅसल हिल उपनगरातून दोन तास गाडी चालवत इथे फुकट राबायला यायची. मॉर्मन पंथाच्या शेतकऱ्यांनी फार पूर्वी इथे वस्ती केली होती. त्यातलं हे एकच घर जपून ठेवलेलं. वर्षभराचं अन्न घरात साठवायचं हा त्या लोकांचा नेम. त्यामुळे तळघरात फळ्यांवर पीचच्या काचेच्या बरण्या अजून उभ्या होत्या, आतलं फळ काळं पडलेलं. ओल्या मातीचा वास तिच्या ओळखीचा झाला होता.

आज त्या वासात वेलदोडा होता.

शेवटच्या फळीवर, पीचच्या मागे, चिनी मातीची एक बरणी होती. तोंडाला जांभळ्या साडीचा दादरा बांधलेला, आणि वर आईची ती दुहेरी गाठ. सुरुचीने हात लावला आणि दचकून मागे घेतला. बरणी गरम होती, गच्चीवरच्या उन्हातून आत्ताच उचलून आणल्यासारखी.

मे महिन्यात पुण्याहून परतताना आईने टॉवेलात गुंडाळून दिलेली हीच बरणी तिने सिडनीच्या विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. बाहेरचं अन्न आणलं म्हणून दंड होईल या भीतीने, कुणाला न विचारता. "अगं, डिक्लेअर करायचं ना," नवरा, यतिन, नंतर म्हणाला, "सोडलंही असतं कदाचित!" आईला मात्र तिने फोनवर ठोकून दिलं, "मुरांबा एक नंबर झालाय, अर्धी बरणी संपलीसुद्धा!" आई केवढी खूश झाली होती! सप्टेंबरात आई गेली. तेव्हापासून सुरुचीचं मन तिला खात होतं.

तिने बरणी उतरवून पोटाशी धरली आणि गाठ सोडली. मुरांबा बरोब्बर अर्धा होता.

"आई... मी चाखलासुद्धा नाही गं... टाकला. कचऱ्यात टाकला..."

कुठे काही हललं नाही. फक्त हातांना वजन जाणवू लागलं. तिने खाली पाहिलं. पाक काठाशी आला होता, चमचाही न लागलेला. सुरुचीला रडू कोसळलं.

"यू ऑल राइट, लव्ह?" घराची देखभाल करणाऱ्या मार्गारेटने जिन्यावरून हाक मारली.

डोळे पुसत सुरुची सवयीने ओरडली, "ऑल गुड! नो वरीज!"

आणि हातातली बरणी चमचाभर हलकी झाली.