चार तारांची रांगोळी

आईशप्पथ, गोष्ट खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. म्हणजे मी तिथे नव्हतो. पण ललित होता, आणि ललित आयुष्यात कधी खोटं बोलला नाही. बायको सोडून. आणि गिऱ्हाईक सोडून. असा सज्जन माणूस सांगतोय म्हटल्यावर संशयाला जागाच नाही. संतोष, हसू नकोस. कंटेनर ओझरपाशी पंक्चर झालाय, तो यायला दीड तास आहे, आणि पिंपळगावच्या या कोल्ड स्टोरेजच्या ओट्यावर थंडीत करण्यासारखं दुसरं काही नाही. तेजस्विनी, शाल घे आणि अलीकडे बस. त्या बंद दिव्याखाली नको.

तर ललित. नाशकात टीव्ही दुरुस्त करायचा, व्हिडिओ गेमची मशीनं दुरुस्त करायचा. २००१ साल. चार नोव्हेंबर, रविवार. दिवाळी दहा दिवसांवर. दुपारी त्याला फोन आला.

"काका, आमच्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला कलर मॉनिटर जोडून द्याल? आजच."

"उद्या बघू की."

"उद्या सकाळी भंगारवाला येतोय."

ही रोशनी. एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, गंगापूर रोडला आजोबांच्या बंगल्यात राहायची. आजोबा म्हणजे खंडेराव. सगळे त्यांना आबा म्हणत. गावाकडे वीस वर्षं सरपंच होते, त्यामुळे घरातही नुसते ठराव पास व्हायचे, चर्चा नाही. दिवाळीची साफसफाई निघाली होती आणि ठराव असा झाला होता की मागच्या खोलीतलं सगळं सामान भंगारात.

मागची खोली रोशनीच्या आईची. सविताबाई. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. शाळेत शिक्षिका होत्या. शहाऐंशी साली त्यांच्या शाळेत सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आला. हार घातला, नारळ फोडला, आणि मुलं हात लावतील म्हणून कपाटात कुलूपबंद केला. ब्याण्णव साली डेडस्टॉक रजिस्टरमधून बाद केला. म्हणजे मेलेल्यांच्या यादीतूनसुद्धा नाव कापलं बिचाऱ्याचं. लिलावात कोणी बोली लावेना, तेव्हा बाईंनी तो उचलून घरी आणला. कशाला? तर रांगोळी काढायला.

हसा. ललितही हसला होता.

अरे, बाईंचा नवरा अठ्ठ्याऐंशीत गेला. तेव्हापासून त्या घरात दारापुढे रांगोळी काढायला त्यांना बंदी. आबांचाच ठराव. बाईंची नोकरी चालायची, पगार चालायचा, रांगोळी चालायची नाही. बाई त्यावर काय म्हणाल्या? काहीच नाही. रात्री मागच्या खोलीचं दार लावून त्यांनी कॉम्प्युटरवर रांगोळीचा प्रोग्रॅम लिहिला आणि कॅसेटवर भरून ठेवला. गाण्याची असते तसलीच कॅसेट. टीव्ही होता ब्लॅक अँड व्हाईट. बाई पुस्तकात बघून रंगांचे आकडे घालायच्या. एक लाल, दोन हिरवा, तीन पिवळा, चार निळा. दिसायचं सगळं राखाडी. सात वर्षं त्यांनी रंगीत रांगोळी काढली आणि एकदाही बघितली नाही.

पोरीला ती रंगात बघायची होती. एकदाच. कॅसेटला बुरशी लागलेली. वाजलीच तर एकदा वाजणार. आणि सकाळी भंगारवाला.

आता मॉनिटर आणायचा कुठून? टीव्हीकडे जाणारं सॉकेट मेलेलं. मागे सहा भोकांचं एक गोल सॉकेट होतं, खास रंगीत मॉनिटरसाठी. त्यात शाळेनंही कधी काही खुपसलं नव्हतं. पण हल्लीचा मॉनिटर त्याला चालत नाही. त्याची चित्र रेखायची धाव दुप्पट. बैल आणि मोटरसायकल एका जुवाला जुंपल्यासारखं चित्र फाटतं. ललितच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. व्हिडिओ गेमच्या मशीनचा मॉनिटर! त्याची धाव बरोबर बैलाची. एक गेम पार्लर नुकतंच बंद पडलं होतं, तिथला मॉनिटर त्याच्याकडे धूळ खात होता. रिक्षात घातला आणि पावणेनऊला बंगल्यावर हजर.

आबा देवळात कीर्तनाला गेलेले. घरात दोघंच.

ललितनं सॉकेट पाहिलं, पिशवीत हात घातला आणि जीभ चावली. रंगीत चित्राला पाच तारा लागतात. लाल, हिरव्या, निळ्याची एकेक, चौथी चित्र जागेवर धरायला, पाचवी अर्थिंगची. त्याच्याकडे होती टेलिफोनची वायर. चार तारांची. रविवार, दुकानं बंद.

"पोरी, एक रंग सोडावा लागेल."

रोशनीनं सॉकेटवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लाल सोडा. या घरात आईला तसाही तो चालत नव्हता."

ललितनं सोल्डरचे डाग दिले. हिरवा, निळा, बाकीच्या दोन. लालची जागा मोकळी. मॉनिटर पेटला. टेपरेकॉर्डर लावला. कॅसेट किंचाळायला लागली. तो आवाज तुम्ही पोरांनी ऐकलेला नाही. मांजराची शेपटी दारात अडकावी, आणि मांजरानं तक्रार आकड्यांत सांगावी, तसा. तीन मिनिटं. मग स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत प्रोग्रॅमचं नाव आलं. दार.

बस्. बाईंनी रांगोळीचं नाव ठेवलं होतं, दार.

ठिपके पडत गेले. खाली प्रश्न आला. रंग?

रोशनीनं दोन दाबलं. हिरवी पाकळी उमटली. रंग? चार. निळी. रंग? तीन. तीन म्हणजे पिवळा. पण पिवळ्यात लाल मिसळावा लागतो, म्हणून तोही हिरवाच आला. रोशनी हसत होती आणि नाक पुसत होती. ललित म्हणतो, "गेमच्या मशीनवर मी हजार वेळा विमानं फुटताना बघितली. पण पुढच्या रंगासाठी असा कधी थांबलो नव्हतो."

आणि मागून आवाज आला.

"काय चाललंय हे?"

दारात आबा. हातात काठी. रोशनीची पाठ दाराकडे. ती वळली नाही.

"आईची रांगोळी, आबा."

"बंद कर."

"एकच पाकळी राहिलीय. मधली."

"बंद कर म्हणतो ना! ती असताना नाय चाललं, ती मेल्यावर चालंल व्हय?"

"ती असताना रोज चाललं, आबा. तुम्ही झोपल्यावर."

स्क्रीनवर प्रश्न लुकलुकत होता.

रंग?

ललित सांगतो, रोशनीचे हात मांडीवर होते. त्याचे स्वतःचे खिशात. आबा सात फुटांवर.

टक्.

एकचं बटण खाली गेलं.

वर आलं.

मधलं वर्तुळ भरायला लागलं. काळं. लाल तार नव्हती, काळंच येणार. ललित कसाबसा हसला. म्हणाला, "काही नाही आबा… जुनं बटण… स्प्रिंग…"

मग काळ्यात काहीतरी हललं.

आधी वाटलं, भास. विटकरी. मग गेरूसारखं. मग…

लाल.

ललितनं वायर हातात धरली. बोटानं तारा मोजल्या. एक. दोन. तीन. चार.

पुन्हा मोजल्या.

चार.

स्क्रीनच्या मधोमध रुपयाएवढा लाल ठिपका. ओला दिसणारा. आबा पुढे आले. काठी कुठे पडली त्यांना कळलं नाही. "पुसा ते," म्हणाले. आवाज सरपंचाचा नव्हता. "पुसा… कोणीतरी पुसा…"

तेव्हा रोशनी उठली. वळली. आबांच्या समोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली,

"तुम्हीच पुसा ना, आबा. तुमच्या हाताला सवय आहे."

नवरा गेला त्या दिवशी सविताबाईंचं कुंकू पुसायला घरातली एकही बाई पुढे झाली नव्हती. आबांनी स्वतःच्या तळव्यानं पुसलं होतं. रोशनी तेव्हा सहा वर्षांची. आईच्या शेजारी बसून बघत होती.

आबांनी हात उचलला. उजवा. काचेवर ठेवला.

चर्रर्र झालं.

चित्र गेलं.

काच काळी.

टेपरेकॉर्डर फिरत होता, आवाज नव्हता.

आबांनी हात काढला. बघितला. आणि मटकन खाली बसले.

तळव्याच्या मधोमध लाल ठिपका. रुपयाएवढा.

साबणानं गेला नाही. लिंबानं गेला नाही. रॉकेलनं गेला नाही. त्वचेच्या डॉक्टरनं भिंगातून पाहिलं, म्हणाला पुरळ नाही, भाजलेलं नाही, शाई नाही, मला दुसरे पेशंट आहेत. आबा त्या दिवसापासून चमच्यानं जेवायला लागले. नमस्कार करायचा तर मुठी मिटून. भंगारवाला सकाळी आला, त्याला फाटकातूनच परत पाठवलं. आणि त्या दिवाळीला रोशनीनं दारापुढे अंगणभर रांगोळी काढली. मध्ये लाल. आबा खिडकीत बसून होते. ठराव आला नाही.

"काका," तेजस्विनी म्हणाली, "आणि कॅसेट?"

संपली. आतली फीत पिठासारखी झाली. रोशनी मात्र इंजिनिअर झाली. आता पोरांना शिकवते.

"ते सगळं राहू द्या," संतोष म्हणाला. "मी आयटीआय केलंय, काका. चार तारांत लाल येतोच कसा? फेकू नका राव."

बरं. धरलंस. कंटेनरचे दिवे दिसायला लागलेत, तर सांगून टाकतो.

तारा पाच होत्या.

ललितच्या पिशवीत चांगली पाच तारांची केबल होती, आणि त्यानं लालही जोडला होता. ते "लाल सोडा" वगैरे माझं. पिवळा पिवळाच आला होता. आणि बटण आपोआप दबलं नाही. रोशनीनं दाबलं. आजोबा पाठीमागे ओरडत असताना, तिनं एक दाबलं. पाठ दाराकडे होती, आबांना हात दिसला नाही. आबा खाली बसले तशी आरडाओरड झाली, शेजारपाजारचे भाऊबंद धावत आले, कोणी केलं, कोण बोललं आबांना असं, म्हणायला लागले. ललितनं काय करावं? पक्कडीनं लाल तार गुपचूप कापली आणि सगळ्यांसमोर वायर नाचवली. "मोजा! चारच आहेत! लाल आला कुठून? बाई आल्या होत्या. पोरगी नव्हती बोलत, बाई बोलत होत्या." आबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. नातीपेक्षा भूत पटणं सोपं होतं.

अरे, पोरीनं केलं असं ठरलं असतं तर दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद आणि फाल्गुनात लग्न. भुताचं कॉलेज कोण बंद करणार?

"म्हणजे भूत ललितकाकांनी रचलं, आणि तारा तुम्ही," संतोष म्हणाला. "मग हाताचं पण तुम्हीच…"

नाही. हाताचं नाही.

आबा २००६ साली गेले. लांबून का होईना, माझे चुलते लागायचे. शेवटची आंघोळ घालताना तांब्या माझ्या हातात होता. मूठ घट्ट मिटलेली. दोघांनी मिळून उघडली. मी पाणी ओतलं. मग अंगठ्यानं चोळलं. मग पुन्हा ओतलं.

ललितनं त्या दिवशी मला विचारलं, "काय रे, तो ठिपका गेला का?"

मी त्याला म्हणालो, गेला.

तेवढं खोटं मी बोललोय.